सोंग सातवे : साहेब

१४ नोव्हेंबर १९७७, सोमवार

दिवाळीच्या सुट्टीनंतर आज वाचनालय उघडलं. टेबलावर बोटभर धूळ आणि धुळीवर काकासाहेबांची चिठ्ठी, ‘आल्याबरोबर दुकानी या.’ काकासाहेब आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष. जालन्याच्या मस्तगडात त्यांचं सरकी-ढेपेचं दुकान आहे, आणि ग्रंथपालाची ही खुर्ची मला त्यांनीच दिली. तेव्हा चहा अर्धा टाकून धावलो.

४ डिसेंबरला वर्धापनदिन. पुण्याचे व्याख्याते घसा बसल्याचं कळवून मोकळे झाले. बसायला दिवाळीचाच मुहूर्त सापडला त्या घशाला! काकासाहेब कपाळाला हात लावून बसले होते, एवढ्यात देवानंद सर अर्ज घेऊन आले. हे सर इथल्या एका शाळेत मराठी शिकवतात, मूळचे जाफराबादकडचे, बौद्ध समाजाचे, बोलायला मोजके. त्यांचे चुलते अप्पाराव श्रावणात वारले. ते बहुरूपी होते. त्यांच्या सोंगांचं एक प्रदर्शन आमच्या वरच्या हॉलमध्ये भरवावं, अशी विनंती. काकासाहेबांनी अर्ज वाचलासुद्धा नाही. म्हणाले, “भिंती तशाबी रिकाम्याच हायत. मच्छिंद्र, तू बघ.”

मला मुळीच रुचलं नाही. बहुरूप्याचं कसलं आलंय प्रदर्शन? दारोदार हिंडून पसाभर ज्वारी मागणारा माणूस, त्याच्या टोप्या-मिशा वाचनालयात टांगायच्या? पण अडला हरी गाढवाचे पाय धरी, आम्हाला कार्यक्रम हवाच होता.

जाताना देवानंद सर माझ्या खुर्चीमागच्या चौकटीसमोर बराच वेळ उभे राहिले. येणारा प्रत्येक जण राहतो. त्र्याहत्तरच्या दुष्काळात मोठ्या साहेबांनी मला स्वहस्ते लिहून दिलेला शेरा आहे तो. कोणी विचारलं की मी हकिगत सांगतो, सांगायला मला आवडतं. सरांनी काही विचारलं नाही. “अक्षर वळणदार आहे,” एवढंच म्हणाले. मराठीचे मास्तर, त्यांना अक्षरच दिसणार.

१७ नोव्हेंबर, गुरुवार

सर रोज शाळा सुटल्यावर येतात. माझं अक्षर बरं म्हणून कार्डं लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. प्रत्येक सोंगाला एक कार्ड, त्यावर तीन ओळी : सोंग कोणतं, गाव कोणतं, बिदागी काय मिळाली. बिदागीची ओळ कशाला, असं मी विचारलं. सरांनी समजावलं ते असं. बहुरूपी गावात तीन-चार दिवस राहतो. आज पोस्टमन होऊन येतो, उद्या डॉक्टर. लोक फसतात, घाबरतात, कुणी तर पायाही पडतं. शेवटच्या दिवशी तो सगळं उतरवून स्वतःच्या कपड्यात, स्वतःच्या तोंडाने दारोदार जातो. “तो मीच होतो” असं त्याने सांगायचं नाही, नुसतं उभं राहायचं. लोकांनी ओळखायचं, हसायचं आणि सुपात काहीतरी घालायचं. ओळख पटून मिळेल तीच बिदागी. सर म्हणाले, काकांना ज्वारीपेक्षा ते ओळखणं प्यारं होतं.

सहा कार्डं लिहून झाली. ‘सोंग तिसरे : लस टोचणारा डॉक्टर. गाव भोकरदन. बिदागी : धोतर व नारळ.’ नाही म्हटलं तरी मजा वाटायला लागली आहे. या डॉक्टरला बघून एक पैलवान माळ्यावर जाऊन लपला होता म्हणे.

सातवं सोंग कुठलं म्हणून विचारलं तर सर म्हणाले, ते काकूच सांगतील, शनिवारी घरी जाऊ.

१९ नोव्हेंबर, शनिवार

अक्षर असं कधी आलं नव्हतं माझं.

सकाळच्या एस.टी.ने जाफराबादला गेलो, तिथून पायी बोरखेडीला. गिरिजाबाई, म्हणजे अप्पारावांच्या पत्नी, दारातच बसल्या होत्या. पंचावन्नच्या असतील. पांढरं लुगडं, भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली सारवलेली जमीन. त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच निरखून पाहिलं. मला वाटलं नजर कमजोर असेल. चहा झाला. मग त्यांनी पत्र्याची ट्रंक ओढली आणि एकेक वस्तू अशी काढली की जणू माणूस अजून आंघोळीला गेला आहे आणि येऊन विचारेल. पोस्टमनची पिशवी. सायकलच्या ट्यूबची केलेली डॉक्टरची नळी. मिशा, एका डबीत तीन प्रकारच्या. तळाशी एक हॅट निघाली. खाकी, जुनी, कडा मोडलेली.

हॅट पाहून मला काहीतरी झालं, पण तशा हॅटा खूप असतात.

हॅटीखाली शाळेची चाळीस पानी वही होती. गिरिजाबाई म्हणाल्या, “हे साहेबाच्या सोंगाचं. आमचे हे तिसरी शिकल्याले. आठ दिस बसून गिरवून राह्यल्ते, तवा कुठं हात बसला.” मी वही उघडली. वरच्या ओळीत कुणीतरी सुंदर अक्षरात कित्ता घालून दिलेला, आणि त्याखाली पानभर, आधी वेडंवाकडं मग सुधारत गेलेलं, तेच तेच वाक्य :

‘पाणी सर्वांचे एक. कारकुनाने स्वतः पाणी पिऊन दाखविले. असे कारकून पाहिजेत.’

खाली सही. वेलांटीसारखा फाटा काढून दोन टिंबं दिलेली सही. ही सही मी साडेचार वर्षं रोज झटकतो, फडक्याने पुसतो.

पायाखालची जमीन सरकते म्हणतात ते खरं आहे. मी वही मिटली, पाणी मागितलं, प्यालो आणि ऊन लागलं असं सांगितलं. नोव्हेंबरात ऊन! गिरिजाबाई म्हणाल्या, “त्या सोंगाचा खरा कागद त्या कारकुनापाशीच राह्यला. ह्यांचं सगळ्यात मोठं सोंग, आन् आमच्यापाशी नुसती वही. तो कागद गावला तर बघा, भाऊ. जबरदस्ती न्हाई.”

मी “बघतो” म्हणालो. एस.टी.त सर खिडकीकडे तोंड करून बसले होते. बरं झालं, त्यांनी माझं तोंड पाहिलं नाही.

२० नोव्हेंबर, रविवार

माझी बायको दुर्गा दोनदा विचारून गेली, अंगात कणकण आहे का. नाही म्हणालो. ही वही कोणी वाचणार नाही, तेव्हा इथे तरी सरळ लिहितो.

एप्रिल त्र्याहत्तर. बोरखेडीच्या माळावर दुष्काळी कामावर पाझर तलाव चालू होता आणि मी तिथे हजेरी कारकून. अडीचशे माणूस, निम्म्याहून जास्त बाया. पाण्याचे रांजण दोन. एक माझ्या झोपडीजवळ बाभळीखाली, तो गावातल्यांचा. दुसरा लांब, लिंबाखाली, तो बौद्ध वस्तीतल्या बायांचा. तसं कोणी लिहून दिलेलं नव्हतं, सगळीकडे असायचं तसंच होतं. टँकर आला की आधी बाभळीचा भरायचा, उरलं तर लिंबाचा.

एके दिवशी दुपारी रस्त्याकडून हॅट घातलेले साहेब चालत आले. पँट, बूट, चष्मा, काखेत फाइल. जीप नाल्यात फसली म्हणाले. मी झोपडीतून धावत गेलो, धावताना एक चप्पल मागे राहिली. साहेब कोणाशी बोलले नाहीत. थेट लिंबाखाली गेले, झाकण काढून आत पाहिलं. तळाला चार बोटं पाणी. “दोन कशाला?” विचारलं. मी म्हणालो, सोयीसाठी, साहेब. त्यांनी स्वतः पेला बुडवला, अर्धा प्याले आणि उरलेला माझ्यापुढे धरला. “प्या.” अडीचशे माणसं बघत होती. मी प्यालो. काय करणार होतो?

मग त्यांनी दोन्ही रांजण माझ्या झोपडीशेजारी लावायला सांगितले आणि म्हणाले, दोन्ही सगळ्यांचे. मी शेरेबुक आणलं तर म्हणाले, शेरेबुक नको, साधा कागद द्या, हे तुमच्यासाठी आहे. बाया तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. मोठ्या साहेबापुढे लाजल्या, असं मी पुढे शंभर वेळा सांगितलं.

आणि काय काय सांगितलं! रांजण मी आपण होऊन हलवले, साहेब ते पाहून चाट पडले, पाणी मीच त्यांना दिलं. काकासाहेबांनी तो कागद वाचून मला इथे घेतलं. सासऱ्यांनी मुलगी दिली तीही ‘साहेबाने वाखाणलेला मुलगा’ म्हणूनच. आज कळतं की माझं पाणी पिणं मी पिण्याच्या आठ दिवस आधी चाळीस पानी वहीत लिहून झालं होतं. मला काही करायचं उरलंच नव्हतं. हसावं की रडावं कळत नाही. म्हणून दुपार झोपून काढली.

२२ नोव्हेंबर, मंगळवार

चौकट भिंतीवरून काढली आणि जुन्या मासिकांच्या कपाटात, सगळ्यात खालच्या गठ्ठ्यामागे ठेवली. भिंतीवर तेवढा पांढरा चौकोन राहिला आहे. तो चौकट असतानापेक्षा जास्त डोळ्यात भरतो. त्यावर कॅलेंडर लावलं तर ते लहान पडलं.

काकासाहेबांनी आल्या आल्या विचारलं. काच तडकली म्हणून थाप मारली. ते म्हणाले, वर्धापनदिनाच्या आत बसवून घे, पाहुण्यांना दाखवायची आहे. प्रदर्शन पाहायला जे लोक येतील त्यांनाही कळू दे की आपल्या वाचनालयाने किती पुढचा विचार करणारा माणूस नेमला आहे. मी मान डोलावली. चोराच्या मनात चांदणं, मला वाटलं ते टोमणाच मारत आहेत. पण काकासाहेबांना टोमणा मारता येत नाही, ते सरळ शिवीच देतात.

देवानंद सरांनी भिंतीकडे पाहिलं आणि कार्डांचा गठ्ठा पुढे सरकवला. कच्च्या खर्ड्यात त्यांनी सातव्या सोंगाच्या तिन्ही ओळी कोऱ्या सोडल्या आहेत.

२५ नोव्हेंबर, शुक्रवार

दुर्गाला सांगितलं. सांगितलं म्हणजे तिने काढून घेतलं. भाकरी थापता थापता तिने सगळं ऐकलं आणि आधी खूप हसली. मला राग आला. म्हणाली, रागावता कशाला, बाबांना कळलं असतं तरी मी तुम्हालाच करून घेतलं असतं, तुमचे केस चांगले होते तेव्हा. मग हात धुतले आणि तिचा चेहरा बदलला. विचारलं, “मंग शेवटच्या दिशी बिदागीला आला व्हता का तो?”

मी म्हणालो, आठवत नाही.

खोटं होतं ते. तिने विचारताक्षणी आठवलं. साहेब येऊन गेल्यावर तिसऱ्या दिवशी एक माणूस झोपडीसमोर येऊन उभा राहिला होता. मळकं धोतर, डोक्याला पंचा, अनवाणी. माझ्याकडे बघून हसत होता. मी हजेरी मांडत होतो. काम नाही, जागा भरल्या, असं म्हणालो. तो हलला नाही, हसतच राहिला. मी ओरडलो. तेव्हा गेला.

म्हणजे ओळखलं नाही. पण मी कसा ओळखणार? हॅट नाही, चष्मा नाही. माझी काय चूक? अशी माणसं दिवसाला दहा यायची.

२८ नोव्हेंबर, सोमवार

गिरिजाबाई सगळं गाठोडं घेऊन आल्या आणि सरांच्या घरी उतरल्या. दिवसभर वरच्या हॉलमध्ये होत्या. मी दोरी बांधायला, खिळे ठोकायला हाताशी. त्यांना कुठली वस्तू कुठे ते पक्कं माहीत होतं. पोस्टमनची पिशवी जरा कललेली पाहिजे, ‘हे’ तशीच अडकवायचे. सहा सोंगं लागली. सातव्या जागी त्यांनी फक्त हॅट ठेवली आणि तिच्यावर भिंतीत एक खिळा ठोकायला लावला.

“हे कशाला?” मी विचारलं.

“कागद आला तर टांगाया,” त्या म्हणाल्या. “न्हाई आला तर खिळा राहील.”

वही का नाही ठेवत, असं मी विचारलं. वही म्हणजे तालीम, असं त्या म्हणाल्या, तालीम कोणी लोकांना दाखवत नाही. नंतर म्हणाल्या की हे प्रदर्शन औरंगाबादेत भरवू म्हणून चार जणांनी सुचवलं होतं, मोठा हॉल मिळत होता. पण त्यांनीच देवानंदला सांगितलं, जालन्याच्या वाचनालयातच करायचं. का, ते सांगितलं नाही. माझ्या मते जवळ पडतं म्हणून असेल. म्हातारपणी एस.टी. सोसत नाही.

डबा सोडला तेव्हा त्यांनी अर्धी भाकरी आणि ठेचा माझ्या हातावर ठेवला. मी खाल्ला. तिखट जाळ होता.

३० नोव्हेंबर, बुधवार

काल कागद चौकटीतून काढला. घरी नेला, चुलीपुढे बसलो. काडी लावायची आणि मोकळं व्हायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची. कोणाला कळणार आहे? काकासाहेबांना सांगेन, काच बसवायला दिला तिथेच हरवला.

नाही जाळला, आज पुन्हा चौकटीत घालून मासिकांमागे ठेवला. दुर्गाने हातातून काढून घेतला असता तर बरं वाटलं असतं, पण ती बघून न बघितल्यासारखं करून बाहेर निवडत बसली.

आता जे शुक्रवारी लिहिलं नाही ते लिहितो, नाहीतर झोप लागायची नाही. तो माणूस मी ओरडल्यावर लगेच गेला नव्हता. त्याने पाणी मागितलं. दोन्ही रांजण तिथेच होते, माझ्यापासून चार हातांवर, आणि दोन्ही सगळ्यांचे होते. त्याला “घे” म्हणून पेला दाखवता आला असता. मी उठलो, त्याला झोपडीपासून लांब उभं केलं, ओंजळ धरायला सांगितली आणि तांब्याने वरून ओतलं. शिंतोडा माझ्या पायावर येऊ नये म्हणून पाय मागे घेतला. पाणी पीत असताना तो वर माझ्याकडे बघत होता आणि आता हसत नव्हता.

आणि हेही लिहितो. रांजण एक झाल्यावर त्या दिवसापासून मी त्यांतलं पाणी प्यालोच नाही. झोपडीत स्वतःचा तांब्या भरून ठेवायचो. साहेब परत आले तर दिसू नये म्हणून पोत्याखाली.

मी कसला माणूस आहे?

३ डिसेंबर, शनिवार

ठरवलं. कागद देणार. गिरिजाबाईंचा नवरा गेला, त्याचं सगळ्यात मोठं सोंग माझ्या कपाटात मासिकांमागे कोंबलेलं, आणि त्या रोज त्या रिकाम्या खिळ्याखाली बसून मिशा पुसतात. हे मला बघवत नाही. नोकरी गेली तर घनसावंगीला जाऊन भावाच्या उसाला पाणी देईन. दुर्गा म्हणाली, मी पण येते, तुम्हाला एकट्याला दारे धरता यायची नाहीत.

सगळ्यांसमोर सांगणार. मी फसलो, ते साहेब नव्हते, अप्पाराव होते. एवढं सांगायचं. भाषण चार वेळा म्हणून पाहिलं. एवढंही पुष्कळ आहे.

४ डिसेंबर, रविवार

सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन कागद खिळ्याला टांगला. गिरिजाबाई आल्या, बघितलं, जवळ गेल्या. अक्षरावरून बोट फिरवलं, काचेवरून नव्हे, काच मी काढली होती. रडल्या नाहीत. “बराबर उतरलं हाय,” म्हणाल्या, जसं नवऱ्याच्या कामाची तपासणीच केली.

हॉल भरला. बोरखेडीहून एस.टी.ने आठ-दहा बाया आल्या होत्या. एकीला ओळखलं, सोनूबाई. तिकडे कामावर खडी फोडायला होती, हजेरीत तिचं नाव पहिलं असायचं. काकासाहेबांनी फीत कापली, सोंगं पाहत पाहत सातव्याशी आले आणि थांबले. मला वाटलं आता. पण ते वळून लोकांना म्हणाले, हा कागद आमच्या ग्रंथपालाचा, आणि पूर्ण हकिगत सांगायला लागले. मी आपण होऊन रांजण कसे हलवले वगैरे. माझंच खोटं माझ्यासमोर, माझ्यापेक्षा चांगल्या भाषेत.

मी पुढे झालो आणि सांगितलं. साहेब नव्हते. अप्पाराव होते. मी आपण होऊन काही केलं नाही, त्यांनी प्यायला लावलं म्हणून प्यालो. साडेचार वर्षं मी एका सोंगाची सही भिंतीवर लावून मिरवलो.

काकासाहेबांचा हात कागदाकडे गेलेला तसाच हवेत राहिला. मग मागून हसू फुटलं. बोरखेडीच्या बाया. तोंडाला पदर, खांदे हलताहेत, तस्संच, जसं त्या दिवशी. त्या लाजल्या नव्हत्या. त्यांना तेव्हाच माहीत होतं. अडीचशे माणसांत एकट्या मला माहीत नव्हतं!

मी सोनूबाईला विचारलं, मग कोणी बोललं का नाही?

ती उठून उभी राहिली. “बोललो असतो तर दुसऱ्या दिशी रांजण पुन्हा लिंबाखाली गेला असता का न्हाई, भाऊ? तुमीच सांगा. पोटात हसू मावंना, पर दीड महिना एकीनं बी दात दावला न्हाई. कामावर गावातल्या बाया बी व्हत्या, त्या बी गप राह्यल्या.”

रांजण गेलाच असता. मीच हलवला असता.

मग टाळ्या. आधी एक-दोन, मग सगळा हॉल. काकासाहेबांनी मला मिठी मारली. चूक कबूल करायला वाघाचं काळीज लागतं म्हणाले, असा ग्रंथपाल पाहिजे म्हणाले. मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. छाती मोकळी झाली, भूक लागली.

लोक पांगल्यावर गिरिजाबाई जिन्यापाशी थांबल्या होत्या. मला वाटलं आभार मानतील. त्यांनी आवाज अगदी खाली आणला.

“भाऊ, तिसऱ्या दिशी ते तुमच्याकडं आल्ते. ते सांगितलं न्हाई तुमी.”

“तुम्हाला कोणी सांगितलं?” मी विचारलं.

“मी दारातच बसल्ते. दरवेळी हसत यायचे. त्या दिशी आले आन् म्हणले, गिरिजे, त्यानं सोंगाला पाणी पाजलं, मला न्हाई. हॅट ट्रंकीत घातली. पुन्हा साहेब केला न्हाई त्यांनी. मी लई म्हणले, लोक मागून राह्यले, करा. न्हाई केला.”

आणि त्या जिना उतरून गेल्या. एकेक पायरीवर हात टेकत. त्यांना सगळं माहीत होतं. पहिल्या दिवसापासून, मी दारात पाय ठेवला तेव्हापासून. अर्धी भाकरी हातावर ठेवली तेव्हाही.

५ डिसेंबर, सोमवार

सकाळी आठला वाचनालय उघडलं. सातवं कार्ड काल घाईत कोरंच लावलं होतं. ते काढलं, शाई भरली आणि लिहिलं. तीन कार्डं फाडली. चौथं असं झालं :

‘सोंग सातवे : साहेब. गाव बोरखेडी, एप्रिल १९७३. बिदागी : तिसऱ्या दिवशी अप्पाराव स्वतःच्या रूपात आले. कारकुनाने ओळखले नाही. त्यांनी पाणी मागितले, ते कारकुनाने लांबून, वरून ओंजळीत ओतले.’

खाली माझं पूर्ण नाव घातलं.

दहाला देवानंद सर शाळेत जाता जाता डोकावले. वाचलं. एक रफार सुटला होता, तेवढा दाखवला आणि गेले. अकराला काकासाहेब. त्यांनी दोनदा वाचलं, चष्मा काढून पुसून तिसऱ्यांदा वाचलं. कालचा वाघ आज त्यांना दिसेना. म्हणाले, हे काढ, कालचं होतं तेवढं शोभून दिसलं, हे वाचनालयाच्या भिंतीवर नको, गावात तोंड दाखवायचंय. मी नाही म्हणालो. मोठ्याने नाही म्हणता आलं नाही, पण नाही म्हणालो. ते म्हणाले, मग गुरुवारच्या सभेत बघू, आणि खाली उतरले. काय बघणार ते मला कळतं.

दुपारी बरीच माणसं आली, काल ऐकून. हसत हसत सातव्याशी यायची, कागद वाचायची, मग कार्ड वाचायची. कार्डाशी हसू थांबायचं. पाचच्या सुमारास कापसाच्या गाडीबरोबर आलेला एक म्हातारा वाचता येत नाही म्हणून मलाच वाचून दाखवायला सांगू लागला. मी वाचलं. त्याने कार्डाला बोट लावलं. मग म्हणाला, “कोण व्हता हो हा कारकून?”

“मीच,” मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, दोन पावलं मागे सरला आणि मला लांबून वळसा घालून दाराकडे गेला.